ट्रॅक्टरचा हेज कटर, दहा महिने आणि 180 रुपयांचा बुश

हे लिहायला घेतलं तेव्हा शीर्षक ठरलं होतं: ‘घेऊ नका’. ऑगस्टमध्ये चार दिवस उघडीप मिळाली म्हणून पांदणीकडच्या धुऱ्यावर (बांधावर) हा कुंपण छाटायचा कटर लावला होता. ट्रॅक्टरमागे अवजार धरणाऱ्या डावीकडच्या खालच्या लिंकमधून ‘टण्ण’ आवाज आला आणि चारेकशे किलोचं धूड एका अंगाला झुकलं. सालदार मागून ओरडला, मी क्लच दाबला. इंजिनाची ताकद कटरला पोचवणाऱ्या पीटीओ शाफ्टचं पिवळं कव्हर तोवर फाटलं होतं. खाली उतरून पाहतो तर लिंकच्या बॉलमधला बुश (पिनेवर बसणारी आखूड नळी) उभा चिरून दोन फाका.

आता बुश कशाला, ते सांगतो, कारण सगळं भांडण तिथंच आहे. माझा ट्रॅक्टर 45 एचपीचा, थ्री पॉइंट लिंकेज (मागे अवजार अडकवायची तीन टोकांची जोडणी) कॅटेगरी 2. खालच्या लिंकचा बॉल 28 मिलिमीटरच्या पिनेसाठी असतो. कटरच्या फ्रेमला पिना निघाल्या कॅटेगरी 1 च्या, 22 च्या. मधलं 6 मिलिमीटरचं अंतर भरायला बुश लागतो. रोटाव्हेटरला असली ढिलाई चालून जाते, तो जमिनीवर टेकलेला असतो. इथं मात्र बाजूला 4 मीटर हात लांबवलेला. मुळाशी 6 मिलिमीटर हललं की टोकाला चार बोटं हलतं. डिलिव्हरीच्या दिवशीच मी बोललो, तर सर्व्हिसचा पोरगा म्हणतो, “काका, थोडा प्ले त राहतेच.” पावणेतीन लाखांच्या वस्तूसोबत बुश नाहीत! मागितले तर 180 रुपयांचं वेगळं बिल. आणि आले ते बुश म्हणजे पाइपचे कापलेले तुकडे. कडाही घासलेल्या नव्हत्या.

असो. बाकीचंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस बुशवरच अडकला.

वावर कळमेश्वरकडे, 11 एकर संत्रा. धुऱ्यावर सुबाभूळ, बोराटी आणि आपोआप उगवलेली बाभूळ, सगळी मिळून किलोमीटरभर. कुंपण ठेवावंच लागतं, कारण रोही (नीलगाय) आणि रानडुकरं. शिवाय पश्चिमेचा वारा अडला की फळ फांदीवर घासून डागाळत नाही. छाटलं नाही तर मात्र कुंपण वर वाढतं आणि बुडाशी विरळ होतं, डुक्कर आरामात आत. आधी चार माणसं बारा दिवस कोयता चालवायची. गेल्या वर्षी तीही मिळेनात. हिशेब मांडला आणि पेटलो.

निवड करताना तीन प्रकार समोर होते. एक रीपरच्या पट्टीसारखा दातेरी: काप स्वच्छ, पण अंगठ्याहून जाड फांदीला दात टेकतो. दुसरा गोल आऱ्याचा: जाड फांद्यांना उत्तम, पण फांदी अख्खी खाली पडते, ती उचलायला पुन्हा माणसं. तिसरा फ्लेल: लोंबती पाती फांदीचा चुरा करतात. मी फ्लेल घेतला आणि पहिल्या दिवशी कपाळावर हात मारला. सुबाभळीची टोकं कुत्र्यानं चघळल्यासारखी फाटली. शेजारचे भाऊजी धुऱ्यावर उभं राहून म्हणाले, “हे त गाईनं खाल्ल्यावाणी दिसते.”

माझं मत फिरलं दोन महिन्यांनी. त्याच फाटक्या टोकांतून फुटवे असे दाट आले की बुडाशी हात जाईना. खालचा चुराही जागीच कुजला, उचलायला कोणी लागलं नाही. वर निमुळतं, खाली रुंद असं कापत गेलं की बुडाला ऊन पोचतं आणि फुटवा तिथूनच येतो. संत्र्याच्या झाडाला मात्र हे यंत्र दाखवूसुद्धा नका. तिथं कातरीनं स्वच्छ काप घ्यायचा आणि वर बोर्डो पेस्ट लावायची: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. फाटलेल्या जखमेवर पेस्ट धरत नाही आणि बुरशी आत शिरते.

एक गोष्ट कोणीच सांगितली नव्हती. बाभळीचा चुरा म्हणजे पेरलेले काटे. पहिल्या आठवड्यात माझं एक पंक्चर, सालदाराच्या मोटरसायकलची दोन, आणि पांदणीतून बंडी नेणाऱ्याच्या बैलाच्या खुरात काटा. तिथून मी बाभूळ आधी कोयत्यानं वेगळी काढायला लागलो. म्हणजे माणूस लागलाच, पण बाराऐवजी दोन दिवस.

तेलाची सोय कटरला स्वतःची आहे, टाकी आणि पंप दोन्ही. हे महाग पडतं, पण इथंच पैसे वाचवू नका. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालणारा कटर स्वस्त मिळत होता, पण आपल्याकडच्या उन्हात लिफ्टचं तेल पातळ होऊन हात आपोआप खाली येतो, हे मी दुसऱ्याच्या वावरात पाहिलं होतं. मी टाकीत 68 ग्रेडचं तेल भरलं आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेदहापर्यंतच चालवला. पंप अजून कुरकुरला नाही.

जोडणीच्या दिवशी त्या पोरानं शाफ्ट न मोजताच घुसवायला घेतला होता. मी थांबवलं. खालच्या लिंका आडव्या असताना ट्रॅक्टर आणि कटरमधलं अंतर सगळ्यात कमी होतं. शाफ्ट तेव्हाच बुडाशी टेकला तर गिअरबॉक्सचं बेअरिंग जाणार. मोजलं तर दोन इंच जास्त. आतली नळी, बाहेरची नळी आणि दोन्ही कव्हरं सारखीच कापायची, कड कानसायची, ग्रीस लावायचं. आखूडही फार नको, निदान एक तृतीयांश नळी एकमेकीत राहिली पाहिजे. मग लिंका बाजूला हलू न देणाऱ्या चेक चेन ताणायच्या, लिफ्ट पोझिशन कंट्रोलवर (एकाच उंचीवर धरून) ठेवायची, आणि हात ज्या बाजूला त्याच्या उलट्या चाकाला वजन लावायचं. मी वजनाशिवाय एकदा काळ्या मातीच्या उतारावर गेलो, मागचं चाक हलकं झालं आणि घामच फुटला.

कुंपण आधी पायी फिरून घ्या. आमच्या आजोबांच्या काळातली काटेरी तार बोराटीत रुतलेली होती, ती पाती फिरवणाऱ्या रोटरला गुंडाळली आणि सोडवायला अर्धा दिवस गेला (इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून). दगडही उडतात. मी सीटच्या मागे लोखंडी जाळी वेल्डिंग करून घेतली. ती कंपनीनं द्यायला हवी होती, पण ज्यांच्याकडून बुश सुटला नाही त्यांच्याकडून जाळीची काय आशा.

तर बुश. तुटल्यावर फोन केला. उत्तर: झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही. झिजला नाही हो, चिरला! फोटो पाठवला, तर पुन्हा तेच पाइपचे तुकडे, पुन्हा 180. नागपूरला चार चकरा मारल्या, पेट्रोल बुशच्या कितीतरी पट गेलं. घरच्यांनी वेड्यात काढलं. तोवर पोळा आला. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या महाल भागात मारबत पाहायला गेलो होतो, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक. गर्दी ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडत होती, मी मनातल्या मनात त्या बुशचं नाव घेतलं.

शेवटी हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे दोन्ही फाका नेल्या. त्यानं हातात घेऊन वाकवून पाहिल्या आणि म्हणाला, “भाऊ, हे त नळाचं पाइप हाय.” ईएन-8 पोलादाचे दोन बुश टर्न करून दिले, बाहेरून 28, आतून 22, एका टोकाला कॉलर. 600 रुपये. बसवले आणि कटरची खडखड गेली. इतकी गेली की आधी तो आवाज गिअरबॉक्सचा समजत होतो, ते चुकीचं निघालं. तेव्हापासून पंचेचाळीस तास झाले, हात एका रेषेत चालतो. म्हणून शीर्षक बदललं. कटर चांगला आहे. घेताना पिनेला व्हर्निअर लावून बघा, एवढंच.

परवा त्याच सर्व्हिसच्या पोराचा फोन आला. काटोलकडच्या एका गिऱ्हाइकाचा बुश तुटला होता. “काका, तुम्ही कुठून बनवले?” म्हटलं, पत्ता देतो, आधी माझे 180 परत करायला सांग. साहेबांना विचारतो म्हणाला.