दिवाळखोरीचा अर्ज की बँकेशी तडजोड?
एक-दोन बँकांचंच देणं असेल तर मी आधी एकरकमी तडजोडच सुचवेन. व्याज-दंडात सूट मिळू शकते, घर वाचू शकतं. ठोक रक्कम मात्र हाताशी हवी, आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जाच्या नोंदीत, ‘सेटल्ड’ (पूर्ण फेडलं नाही, तडजोड केली) असा शेरा राहतो.

सावकार, पतसंस्था, क्रेडिट कार्डं असे सगळेच मागे लागले असतील, तर नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज. मुंबईत १९०९ चा कायदा, बाकी महाराष्ट्रात १९२० चा. नादार ठरलात की मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते. नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं अशा मोजक्या गोष्टी वाचतात. निवडणूक लढवता येत नाही. न्यायालय नादारीतून मुक्त करेपर्यंत पन्नास रुपयांची उधारीसुद्धा नादार असल्याचं सांगूनच घ्यायची, नाहीतर तो गुन्हा. शिवाय गहाण घरावरचा बँकेचा हक्क कायम राहतो, आणि तुमचा जामीनदारही सुटत नाही. त्याला अर्जाआधीच विश्वासात घ्या.