फ्रीस्टाइल घ्यावा की कन्व्हर्स?

नाशिकच्या कॉलेज रोडला हे दोन्ही बूट घालून बघितले आणि ठरत नाहीये? मग दिसणं जरा बाजूला ठेवा.

रिबॉक फ्रीस्टाइल १९८२चा, खास बायकांच्या एरोबिक्ससाठी काढलेला. न्यूयॉर्कमध्ये करासह ५४.११ डॉलर पडायचा, म्हणून तिथे त्याचं नावच ‘५४११’ पडलं. १९८५च्या एमी या टीव्ही पुरस्कारांच्या सोहळ्यात अभिनेत्री सिबिल शेफर्डने काळ्या गाऊनखाली नारिंगी जोडी घातली आणि तो जिमबाहेर पडला. कन्व्हर्स ऑल स्टार १९१७चा, मूळचा बास्केटबॉलचा.

आराम फ्रीस्टाइलमध्येच. कातडं मऊ, टाचेखाली फोम. कन्व्हर्सचा तळ सपाट. दिवसभर उभं राहिलात तर टाचा बोलतात.

पावसाळ्यात दोघेही रडवतात. कन्व्हर्सचं कापड लगेच भिजतं, पण धुता येतं. साबण नीट निघाला नाही तर पांढऱ्या कापडावर पिवळे डाग उमटतात. खळखळून धुवा, टिश्यू गुंडाळून सावलीत वाळवा. पुढे बोटं वाकतात तिथे रबराची पट्टी सुटते. फ्रीस्टाइलचं पातळ कातडं ओलं राहिलं की बुरशी धरतं. आत वर्तमानपत्र कोंबा, भिजलं की बदला. वेल्क्रोच्या पट्ट्या असतील तर त्यांतला कचरा जुन्या टूथब्रशने काढा.

जिम, झुंबा, उभ्याची नोकरी: फ्रीस्टाइल. कॉलेज, जीन्स, चिखलातली ये-जा: कन्व्हर्स. पांडवलेणीच्या पायऱ्यांसाठी मात्र दोन्ही नकोत, खाचांच्या तळाचा बूट बघा.