कोलेस्टेरॉलची गोळी: पट्टी एकच, हिशेब दोन

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर गेल्या महिन्यात एकाच संध्याकाळी दोघं आले. एक निवृत्त मास्तर, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेले. खिशातून रिकामी स्ट्रिप काढत म्हणाले, "ही आता बंद केली तर चालेल का रे? पोटऱ्या दुखतात. शिवाय मेव्हणा म्हणतो, यानं शुगर होते." दुसऱ्या बावन्न वर्षांच्या एक ताई. तपासणी शिबिरात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १५८ निघालेलं, हातात अटोर्व्हास्टॅटिन १० ची चिठ्ठी. "दादा, ही एकदा सुरू केली की कायमचीच ना?"

दोघांची गोळी एकाच जातीची, कोलेस्टेरॉल उतरवणारी 'स्टॅटिन', पण सोसायटीच्या कट्ट्यावर दोघांना सल्लाही एकच मिळणार: एक तर 'डोळे मिटून घ्या', नाहीतर 'विष आहे, फेकून द्या'. घोळ तिथेच होतो.

झटका येऊन गेलाय किंवा स्टेंट बसलाय

मास्तरांच्या बाजूचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. साडेपाच वर्षांच्या आसपास बिनऔषधाच्या गटात २५६ माणसं दगावली, औषधाच्या गटात १८२. शंभरात बारा विरुद्ध आठ. शंभरामागे चार जीव, तेही रोजच्या एका गोळीवर. इतका स्वच्छ आकडा औषधांच्या दुनियेत क्वचित दिसतो. अशा माणसानं मेव्हण्याच्या सांगण्यावरून गोळी सोडणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

झटका आलेलाच नाही

ताईंचा हिशेब बारीक आहे. १९९५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ६५९५ पुरुषांवरच्या प्राव्हास्टॅटिनच्या चाचणीचे निष्कर्ष आले. पाचेक वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा त्यानं मृत्यू, हे प्रमाण शंभरात ७.९ वरून ५.५ वर आलं. हेच '३१ टक्के घट' असंही सांगता येतं. दोन्ही आकडे खरे, पण कानाला किती वेगळे लागतात! साध्या भाषेत, चाळीसेक जणांनी पाच वर्षं गोळी घेतली तेव्हा एकाचं संकट टळलं. आणि ती माणसं कोण? सरासरी एलडीएल १९२, जवळजवळ निम्मे सिगारेट ओढणारे, आणि बाई एकही नाही. ताई तंबाखूला हात लावत नाहीत, बीपी नॉर्मल.

पुढे अनेक चाचण्या एकत्र करून निघालेला अंदाज असा: एलडीएल ३९ ने उतरलं की झटका, पक्षाघात, अँजिओप्लास्टी यांसारखे प्रकार साधारण एक पंचमांशानं घटतात. पण एक पंचमांश कशाचा? दहा वर्षांतला धोका शंभरात वीस असेल तर चार वाचतात. पाचच असेल तर एक. म्हणून रिपोर्टवरच्या लाल आकड्याकडे बघत बसण्यापेक्षा डॉक्टरांना 'माझा दहा वर्षांचा धोका किती?' हे विचारावं. मधुमेह असेल, एलडीएल १९० च्या वर असेल, किंवा वडील-भावाला ऐन चाळिशीत झटका आला असेल, तर पारडं गोळीकडे झुकतं. आपल्याकडे आणखी एक गोष्ट धरायला हवी. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका ५३ व्या वर्षाच्या आसपास आलेला दिसला, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी.

आता तोट्याची बाजू

अंगदुखीची तक्रार सगळ्यात जास्त. लंडनमध्ये साठ जणांवर एक फार हुशारीचा प्रयोग झाला, २०२० मध्ये छापून आला. सगळे त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेले. त्यांना बारा बाटल्या दिल्या, महिन्याला एक: चार स्टॅटिनच्या, चार बिनऔषधाच्या गोळ्यांच्या, चार रिकाम्या. त्रासाला रोज शंभरपैकी मार्क द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३, आणि बिनऔषधाच्या गोळीवर १५.४! म्हणजे त्रास खरा, पण बहुतेक वाटा 'गोळी घेतोय' या धास्तीचा. स्वतःचे आकडे बघून निम्म्यांनी गोळी परत सुरू केली. याचा अर्थ प्रत्येकाची अंगदुखी मनाचा खेळ असा नाही. पहिल्या वर्षात थोड्यांना स्नायूदुखी खरोखर गोळीनंच होते, आणि स्नायू झिजून लघवी गडद होण्याचा दुर्मीळ प्रकार जीवघेणा असतो. सेरिव्हास्टॅटिन याच कारणानं २००१ मध्ये बाजारातून गेलं.

शुगरचं मेव्हण्याचं म्हणणं अर्धं बरोबर. तेरा चाचण्या, ९१ हजार माणसं, त्यावरून निघालेला हिशेब: २५५ जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतलं तर एकाला जास्तीचा मधुमेह. पण तेवढ्याच लोकांत त्याच काळात पाचेक झटके किंवा हृदयविकाराचे मृत्यू टळतात. ज्यांची शुगर आधीच काठावर असते, त्यांना हा धोका जास्त. म्हणून ताईंना म्हटलं, सुरू करण्याआधी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, करून घ्या.

गोळीनं यकृत बिघडतं ही भीती मात्र उगाच मोठी झाली आहे.

दुकानदार म्हणून मला जास्त काळजी वाटते ती वेगळीच. सर्दी-खोकल्यासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मागतो आणि घरी सिम्व्हास्टॅटिन चालू असतं. या जोडीनं रक्तात स्टॅटिन साठतं आणि स्नायूंवर बेततं. चालू औषधांची नावं सांगायला लाजू नका.

ताईंनी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. डॉक्टरांशी बोलून तीन महिन्यांनी पुन्हा लिपिड प्रोफाइल करायचं ठरलंय.

मास्तरांना मी एवढंच विचारलं, पोटऱ्या कधी दुखतात? "टेकडी चढताना. दोन मिनिटं थांबलं की दुखायच्या राहतात." हे ऐकून मी त्यांना डॉक्टरांकडेच धाडलं. चालताना दुखणं आणि थांबलं की राहणं, हे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचंही लक्षण असतं, आणि तसं निघालं तर स्टॅटिन हवंच असतं. डॉक्टरांनी पायाची डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, लिहून दिलीय. स्ट्रिप मात्र मास्तर त्याच संध्याकाळी घेऊन गेले.