काटोल रोडवरची संत्रा नर्सरी: आबांच्या वावरासाठी कलमा घेतल्या, त्याचा अनुभव

नागपुरात राहून गावी संत्रा लावायचा विचार करणाऱ्यांसाठी लिहितोय. काटोल रोडनी जाताना ही नर्सरी लागते, बोर्ड छोटा आहे पण हिरव्या शेडनेटवरून लगेच लक्षात येते. माझ्याकडून पाच स्टार.

आमचं वावर नरखेड तालुक्यात, आबांनी म्हणजे माझ्या आजोबांनी उभं केलेलं. २०१९ च्या उन्हाळ्यात त्या पट्ट्यात संत्र्याची झाडं उभीच्या उभी वाळली, त्यात आमचा बगीचा पण गेला, विहिरीनं तळ गाठला होता आणि टँकरनं किती झाडं जगवणार. आबा त्याआधीच गेले होते, बरंच झालं, स्वतःच्या हातानं लावलेल्या झाडांचं सरपण झालेलं त्यांच्यानं बघवलं नसतं. आता विहीर खोल केली, ड्रिप टाकलं, आणि काका म्हणाले की लावायचा तर संत्राच.

कलमा कशा घ्यायच्या हे मी आबांसोबत जाऊन जाऊनच पाहिलंय. आधी डोळा बांधलेली जागा, म्हणजे जिथे संत्र्याची कळी खुंटावर जोडतात ती, बघायचे, ती मातीपासून चांगली वीतभर वर पाहिजे, मग अंगठ्यानं दाबून सांधा नीट जुळला का ते बघायचे, आणि खुंटाला, म्हणजे कलमाच्या मुळाकडच्या झाडाला, खालून फूट आली असली तर तिचं पान चुरगाळून नाकाशी न्यायचे, जंबेरी या रानलिंबाचाच खुंट आहे की नाही ते त्यांना वासावरून समजायचं. नर्सरीवाला कितीही घाई करो, एकेक कलम हातात घेतल्याशिवाय बंडीत चढू द्यायचे नाहीत.

इथल्या दादांनी मी काही बोलायच्या आधीच पिशवी आडवी करून सांधा दाखवला, एक पिशवी तर फाडून पांढरी मुळं दाखवली. मग म्हणाले, "वावर काळं आहे का? पाणी साचते का? ते आधी सांगा, कलमांचं मग पाहू." आमचा खालच्या धुऱ्याकडचा तुकडा भारी जमिनीचा आहे, पावसाळ्यात नुसता चिखल. तर सरळ म्हणाले तिथे संत्रा लावू नका, मुळं सडतील, डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) येईल, आणि तेवढ्या कलमा ऑर्डरमधून स्वतःच कमी केल्या. आबांनी पण तो तुकडा कधीच संत्र्याखाली आणला नव्हता. मला तिथेच भरून आलं, खरंच सांगतो.

लागवडीचं पण नीट समजावून सांगतात. ६ बाय ६ मीटर अंतर, डोळा कधीच मातीत जाऊ द्यायचा नाही, आणि खोडाला बोर्डो पेस्ट लावायची, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात हे पण आधीच सांगून टाकलं, उगाच तिसऱ्या वर्षी तोडा निघेल वगैरे गप्पा नाही. आंबिया बहाराला, म्हणजे हिवाळा संपताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, आबा डिसेंबरात पाणी तोडायचे, झाडं मलूल दिसायला लागली की आजी काळजी करायची पण ते हटायचे नाहीत, आणि मग पाणी सोडल्यावर फुलं निघाली की तो वास पार कोठ्यापर्यंत यायचा, बैलांना चारा टाकताना पण यायचा. त्या वासासाठीच आम्ही हे सगळं करतोय असं म्हटलं तरी चालेल.

दोन गोष्टी सुधारायला हव्या. पावसाळ्याच्या तोंडावर फोन लागत नाही, लागला तरी कोणी उचलत नाही. आणि रेट रस्त्यावर गाडी लावून विकणाऱ्यांपेक्षा जास्त आहे, पण काकांनी मागे तशा गाडीवरून घेतलेल्या कलमांपैकी अर्ध्या पहिल्याच उन्हाळ्यात गेल्या होत्या, त्यामुळे मला ते महाग वाटलं नाही. रोगमुक्त कलमांसाठी अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत पण एकदा विचारून बघा.

सकाळी लवकर जा, तेव्हा दादा स्वतः असतात आणि निवांत बोलतात. माती परीक्षणाचा रिपोर्ट असला तर सोबत न्या, ते मागतातच.