बंद पडलेल्या ड्रिलपासून बनवलेला रॉक क्रॉलर: अनेक महिन्यांच्या वापरानंतर

घरी बांधलेला माझा रेडिओ कंट्रोल रॉक क्रॉलर (दगडधोंड्यांवरून सावकाश चढणारी रिमोटवरची छोटी गाडी) आता बरेच महिने दगडांवर, मुरमात, मुळांच्या जाळ्यात आणि चाकं बुडतील इतक्या पाण्यात चालवून झाला आहे. नवी कोरी गाडी सगळेच दाखवतात. झिजल्यावर काय टिकलं आणि काय बदलावं लागलं, हे फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: कमी पैशांत उत्तम क्रॉलर होतो, पण सगळीकडे सारखी काटकसर करून होत नाही. पुढच्या ॲक्सलवर खर्च करायचा आणि बाकी ठिकाणी हात आखडता घ्यायचा.

गाडी १/१० प्रमाणातली आहे. पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर ३१३ मिमी ठेवलं, कारण या प्रमाणातल्या अनेक तयार गाड्यांचं तेच असतं आणि बॉडी किंवा सुटे भाग जुळवणं सोपं जातं. चेसिस म्हणजे ३ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. हॅक्सॉ, कानस, गुण्या आणि हातातलं ड्रिल एवढ्यावर ते काम झालं. बॅटरीसकट वजन साधारण तीन किलो. चेसिसबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. ती सरळ आणि चौकोनात असली की पुरे, आणि इतक्या महिन्यांत तिला काहीही झालेलं नाही.

गाडीचं खरं काळीज म्हणजे जुन्या कॉर्डलेस ड्रिलची मोटर आणि गिअरबॉक्स. अशा ड्रिलची बॅटरी मरते, पण आतला ऐवज बहुतेक वेळा धडधाकट असतो: ५५० आकाराची ब्रश मोटर, प्लॅनेटरी गिअर आणि टॉर्क ठरवायची क्लच रिंग. हे सगळं वेगवेगळं विकत घ्यायचं तर बजेटचा मोठा वाटा तिथेच जातो. चक (ड्रिलची बिट पकडणारा जबडा) काढताना आतला स्क्रू उलट्या आट्यांचा असतो, तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. चक ज्यावर बसतो त्या स्पिंडलवर मी लेथवर आटे पाडून घेतलेला मॉड्यूल १ चा (मॉड्यूल म्हणजे दातांचं माप), २६ दातांचा गिअर बसवला आणि तोच उलटा स्क्रू परत लावला. रिव्हर्समध्ये गिअर सुटत नाही तो या स्क्रूमुळेच. खाली तसाच दुसरा गिअर आहे. दोन्ही २६ दातांचे असल्याने शाफ्टमधलं अंतर बरोबर २६ मिमी येतं. खालचा शाफ्ट पुढे आणि मागे दोन्हीकडे निघतो, झाला ट्रान्सफर केस, म्हणजे दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणारा भाग. दोन गिअरमुळे फिरण्याची दिशा उलटते, तेवढ्यासाठी मोटरच्या वायरी अदलाबदल केल्या.

वेगाचा हिशेब आधी कागदावर करावा, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन. ड्रिल त्याच्या कमी वेगाच्या गिअरमध्ये भाराशिवाय मिनिटाला साधारण ३५० फेरे देतं. ॲक्सलमधला क्राउन (मोठा गिअर) ३८ दातांचा आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) १३ दातांचा, म्हणजे चाकाला मिनिटाला सुमारे १२० फेरे मिळतात. चाकाचा व्यास ११० मिमी, परीघ साडेचौतीस सेंटीमीटर. गुणाकार केला की ताशी अडीच किलोमीटर येतात, माणसाच्या चालीच्या निम्मे. क्रॉलरला हाच वेग हवा. शर्यतीच्या गाडीवरून इकडे आलेल्या मित्रांना तो फार कमी वाटतो, पण दगडाच्या कडेवर चाक एकेक इंच सरकवायचं असतं तेव्हा यापेक्षा जास्त वेग नुसता त्रास देतो.

टॉर्कचं गणितही असंच समाधान देणारं आहे. तीन किलोची गाडी ४५ अंशांच्या चढावर चढवायला चाकांच्या कडेला सुमारे २१ न्यूटन बल लागतं. ५५ मिमी त्रिज्येने गुणलं की १.१५ न्यूटन-मीटर, म्हणजे जेमतेम १२ किलो-सेंटीमीटर. ड्रिलचा गिअरबॉक्स याच्या कितीतरी पट देतो. त्यामुळे या गाडीत मोटर कधी थकत नाही, आधी टायरची पकड सुटते. पण तेवढा टॉर्क अडकलेल्या चाकावर आला तर क्राउनचे दात किंवा शाफ्टचे जॉइंट जातील. म्हणून क्लच रिंग अगदी खालच्या आकड्यांवर ठेवली आहे. चाक फटीत अडकलं की गिअरबॉक्समधून टकटक आवाज येतो आणि आपण थ्रॉटल सोडतो. क्राउन-पिनियनचा पहिला संच अजून शाबूत आहे, त्याचं श्रेय मी या क्लचला देतो.

एक बारकावा मात्र वापरातूनच कळतो. बऱ्याच ड्रिलमध्ये स्पिंडल लॉक असतो: मोटर बंद असताना बाहेरून स्पिंडल फिरवलं तर ते फिरत नाही. चढावर थ्रॉटल सोडला की गाडी जागच्या जागी खिळते, आणि हे पाहून सुरुवातीला फार आनंद होतो. उतारावर मात्र वजनाने चाकं मोटरच्या पुढे धावू पाहतात, लॉक क्षणभर पकडतो, सोडतो, पुन्हा पकडतो. गाडी खडखडत, धक्के खात उतरते आणि तीव्र उतारावर पुढे कोलमडते. मी गिअरबॉक्स उघडून लॉकच्या पिना काढल्या आणि धरून ठेवायचं काम ईएससीच्या (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या सर्किटच्या) ड्रॅग ब्रेककडे, म्हणजे थ्रॉटल सोडताच मोटरला रोखून धरणाऱ्या ब्रेककडे दिलं. त्यानंतर उतरण इतकी मऊ झाली की गाडी नवीनच वाटली. ईएससी घेताना ड्रॅग ब्रेक आहे का आणि तो कमीजास्त करता येतो का, हे सगळ्यात आधी पाहावं. अँपिअरचा आकडा त्यानंतर.

आता पुढचं ॲक्सल. खर्च इथे करावा. दोन्ही ॲक्सलमध्ये डिफरन्शियल नाही, चाकं जोडीने बांधलेली आहेत. एक चाक हवेत असलं तरी दुसरं खेचत राहतं, हाच क्रॉलरचा प्राण. त्याची किंमत वळताना मोजावी लागते: आतलं आणि बाहेरचं चाक सारखंच फिरल्याने टायर घासतात आणि स्टिअरिंगवर प्रचंड ताण येतो. शिवाय चाक वळवलं की साधा क्रॉसचा युनिव्हर्सल जॉइंट एकसारख्या वेगाने फिरवत नाही. ३० अंशांच्या वळणावर एकाच फेऱ्यात चाकाचा वेग सुमारे १३ टक्के कमी आणि १५ टक्के जास्त होत राहतो. दगडाच्या टोकावर तोल सांभाळत असताना हा हिसका पकड सोडवायला पुरेसा असतो. मी तयार गाडीसाठी मिळणारे कडक पोलादाचे सीव्हीडी जॉइंट घेतले. त्यांतही एकच क्रॉस असल्याने वेगाचा हा चढउतार संपत नाही, पण त्यांत खेळ जवळजवळ नसतो, त्यामुळे हिसका सैल जॉइंटसारखा झटक्याने येत नाही आणि वळणाचा कोनही जास्त मिळतो. ॲक्सलची नळी, नकल (पुढचं चाक ज्यावर वळतं तो भाग) धरणारे सी आकाराचे तुकडे, लिंकचे (ॲक्सल चेसिसला जोडणाऱ्या दांड्यांचे) कान हे सगळं घरचं. जॉइंट, बेअरिंग आणि क्राउन-पिनियन मात्र विकतचे. हे तीन घरी करायचा हट्ट मी तरी कुणाला सुचवणार नाही.

सर्वोच्या, म्हणजे चाकं वळवणाऱ्या मोटरच्या बाबतीतही तेच. मेटल गिअरचा, २० किलो-सेंटीमीटर वर्गातला सर्वो ॲक्सलवरच बसवला, म्हणजे सस्पेन्शन वरखाली झालं तरी चाकं आपोआप वळत नाहीत. असा सर्वो दगडात अडकून जोर लावतो तेव्हा दोन-तीन अँपिअर सहज ओढतो. ईएससीच्या आतला छोटा बीईसी (रिसीव्हर आणि सर्वोला कमी व्होल्टेजची वीज देणारं सर्किट) तेव्हा कमी पडला तर व्होल्टेज खाली येतं, रिसीव्हर क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि गाडी ऐन कड्यावर बधिर होते. मी ६ व्होल्टचा, ५ अँपिअरचा स्वतंत्र बीईसी लावला आणि ईएससीकडून रिसीव्हरला जाणारी लाल वायर काढून वेगळी गुंडाळली. हा भाग स्वस्त आहे, पण गाडीच्या विश्वासार्हतेत याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही.

वजनाविषयी मला मनापासून लिहायचंय, कारण इथे पैसा जवळपास लागतच नाही. एक फळी घ्या, गाडी तिच्यावर आडवी ठेवा आणि फळीची एक बाजू हळूहळू उचला. वरची चाकं ज्या कोनाला सुटतात तो मोजा. माझ्या गाडीची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी २३० मिमी. पहिल्या मांडणीत ती ५० अंशांना कलली, म्हणजे गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ९६ मिमीवर होता. मग मोटर दोन पट्ट्यांच्या मध्ये खाली सरकवली, बॅटरी वरच्या फळीवरून काढून पुढच्या ॲक्सलमागे आडवी बसवली आणि पुढच्या प्रत्येक चाकाच्या रिममध्ये आतून मोटारगाडीच्या चाकांच्या बॅलन्सिंगला वापरतात त्या चिकट वजनपट्ट्या लावल्या. कोन ५४ अंशांवर गेला, गुरुत्वमध्य ८४ मिमीच्या आसपास आला. चार अंश ऐकायला थोडे वाटतात. पण ज्या आडव्या उतारावरून गाडी हमखास लोळायची तिथून ती आता निवांत जाते. रेसिंगमध्ये चाकं हलकी करण्यासाठी जीव टाकतात, इथे चाकात घातलेलं वजन सर्वात खाली असतं आणि पुढची चाकं दगडाला चिकटवून ठेवतं. बॉडी मात्र शक्य तितकी हलकी हवी. फोम शीटची, आतून पातळ पट्ट्यांनी घट्ट केलेली बॉडी मी मुद्दाम निवडली.

इलेक्ट्रिकल बाजू थोडक्यात. मोटरच्या टोकांमध्ये एक आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या कवचाला एक, असे ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर डाग दिलेले आहेत, त्यामुळे ब्रशच्या ठिणग्यांचा त्रास रिसीव्हरपर्यंत जात नाही. बॅटरी तीन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर). सेल ३.२ व्होल्टच्या खाली जाऊ देत नाही, ठेवून द्यायची असेल तर ३.८ व्होल्टवर ठेवतो, आणि चार्जिंग चालू असताना खोली सोडत नाही. फेलसेफला (सिग्नल तुटल्यावर रिसीव्हर जे करतो त्या सेटिंगमध्ये) थ्रॉटल शून्यावर हवा, सिग्नल गेला तरी गाडी उभी राहिली पाहिजे.

झिजलं काय? सर्वात आधी लिंकच्या टोकांचे प्लॅस्टिकचे बॉल जॉइंट. लिंक म्हणजे एम४ ची आट्यांची सळई आणि तिच्यावर ॲल्युमिनियमची नळी. खालच्या लिंक दगडांवर आपटून वाकतात, त्या सरळ करता येतात किंवा दहा मिनिटांत नव्या होतात. पण बॉल सैल झाले की ॲक्सल डुलायला लागतं, म्हणून त्यांचा संच नेहमी जवळ असतो. शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल गळायला लागलं, सील आणि सिलिकॉन तेल बदलल्यावर ते ठीक आहेत. पाण्यातून आल्यावर बेअरिंग सुकवून तेलाचा थेंब दिला नाही तर ती करकरतात. नकलमधली बाहेरची बेअरिंग मी एकदा बदललीत. धातूत धातू जिथे जातो तिथे निळं थ्रेडलॉकर आणि बाकी सगळीकडे नायलॉक नट, यामुळे एकही बोल्ट वाटेत पडलेला नाही. थ्रीडी प्रिंटचे जे दोन-तीन भाग आहेत त्यांतला पीएलएचा (प्रिंटरमधल्या एका प्लॅस्टिकचा) मोटर माउंट गरम मोटरच्या सान्निध्यात मऊ पडू लागला. पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ होतं. तिथे आता ॲल्युमिनियमचा पत्रा आहे.

एक दोष अजून शिल्लक आहे. जोरात थ्रॉटल दिला की शाफ्टच्या उलट प्रतिक्रियेने चेसिस एका बाजूला कलते. एकाच मोटरने दोन शाफ्ट फिरवणाऱ्या गाडीत हे थोडंफार राहणारच. प्रत्येक ॲक्सलवर स्वतःची मोटर असेल तर हा प्रश्न येत नाही. १९८७ मध्ये आलेल्या टामियाच्या क्लॉड बस्टरची रचना तशी होती, आणि सुरुवातीच्या कितीतरी क्रॉलरबाजांनी तीच उचलली. माझ्याकडे ड्रिल एकच होतं, म्हणून मी एका बाजूच्या मागच्या स्प्रिंगला थोडा जास्त ताण देऊन कल बराच कमी केला आहे.

ज्याला लगेच चालवायचंय त्याने तयार गाडी घ्यावी, त्यात काहीच गैर नाही. बांधायला वेळ भरपूर लागतो आणि ॲक्सल बरोबर रेषेत येईपर्यंत चिकाटी लागते. पण विकत घेतलेले मोजके भाग सोडले तर तुटलेला प्रत्येक भाग मी घरी दुरुस्त करू शकतो आणि त्यासाठी कुठल्याच कंपनीच्या सुट्या भागाची वाट पाहावी लागत नाही, हे सुख मला फार मोलाचं वाटतं. पुढचं काम ठरलेलं आहे: पुढच्या ॲक्सलचं गुणोत्तर बदलून पुढची चाकं मागच्यांपेक्षा पाच ते दहा टक्के वेगाने फिरवायची, म्हणजे चढावर पुढचा भाग वर उचलला न जाता गाडीला ओढत नेईल आणि वळणही लहान होईल. नवा पिनियन आला आहे. नळीतली बेअरिंगची जागा किंचित सरकवावी लागणार, ती आखणी सध्या चालू आहे.