जुन्या ऑफ-रोड ट्रकला रॅप करावा की रंग द्यावा?

वीस-पंचवीस वर्षं चिखलात, दगडधोंड्यांत आणि झुडपांत राबलेल्या ट्रकचं रूप पालटायचं ठरलं, की घरात पहिली चर्चा रंगाच्या छटेची होते. माझ्या मते ती सगळ्यात शेवटी व्हावी. आधी बघायचं ते हे, की आत्ताचा रंग पत्र्याला किती घट्ट धरून आहे. कारण व्हिनाइल रॅप (गाडीवर चिकटवायची रंगीत प्लास्टिकची पातळ फिल्म) पत्र्याला चिकटत नाही, जुन्या रंगाला चिकटतो. तो रंग सुटला की त्याच्याबरोबर रॅपही सुटतो.

हे तपासायला फार काही लागत नाही. गाडी धुऊन पूर्ण वाळवा. टप, बोनेट, दारांच्या खालच्या कडा, मडगार्डच्या कमानी अशा ठिकाणी चांगली चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीला रंगाचे पोपडे आले, तर त्या भागावर रॅपचा विचार सोडून द्या. मग पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिशचं कंपाउंड घेऊन एखादा कोपरा घासा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर तो सिंगल-स्टेज रंग आहे, त्यावर क्लिअर कोट, म्हणजे वरचा वेगळा पारदर्शक थर, नाही. असा फिकट पडलेला रंग पुष्कळदा पॉलिशनेच उजळतो, आणि मग रॅपही नको, रंगही नको. रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर फारच उत्तम. कारखान्यातून आलेला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. आकडा दुपटीच्या आसपास गेला तर तो भाग कधीतरी पुन्हा रंगवलेला असतो, आणि ५०० च्या वर गेला तर खाली बहुधा पुट्टी असते. मीटर नसेल तर लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. पुट्टीच्या जागी त्याची पकड ढिली पडते.

पुन्हा रंगवलेला भाग ओळखणं का महत्त्वाचं, हे मला एका बोनेटने शिकवलं. चार वर्षं जुना रॅप उतरवायचा होता. दारांवर मूळ रंग होता, तिथे हीट गनने ऊब दिली आणि फिल्म सरळ निघून आली. बोनेट मात्र आधी कधीतरी दुरुस्त करून रंगवलेलं होतं. तिथे फिल्मबरोबर क्लिअर कोटही तळहाताएवढ्या तुकड्यांत निघाला, आणि शेवटी बोनेट खरवडून रंगवावंच लागलं. रॅपच्या कंपन्या खालचा रंग सुरक्षित राहण्याची हमी देतात, तीही सहसा कारखान्यातल्या मूळ रंगापुरतीच.

गंज असेल तर

जुन्या ट्रकमध्ये गंज ठरावीक जागी धरतो: समोरच्या काचेच्या चौकटीचे खालचे कोपरे, टपाची पन्हळ, फूटबोर्डाखालचा पत्रा, चाकांवरच्या कमानी, केबिनचे मागचे कोपरे आणि फाळक्याची खालची शिवण. या जागांवर फिल्म चढवली तर गंज दिसेनासा होतो, थांबत नाही. कडेतून शिरलेलं पाणी आत अडकतं, आणि फुगवटा वर येईपर्यंत खालचा पत्रा पातळ होऊन जातो.

म्हणून गंज निघाला की तो उघड्या पत्र्यापर्यंत घासावाच लागतो. पत्रा कुजला असेल तर तेवढा कापून नवा जोडावा लागतो. मग एपॉक्सी प्रायमर, गरज असेल तिथे पुट्टी, वर फिलर प्रायमर, घासकाम आणि रंग. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पुट्टी आणि फिलर प्रायमर दोन्ही ओलावा शोषतात, आणि त्यांच्यावर फिल्मची पकडही भरवशाची नसते. म्हणजे दुरुस्त केलेल्या जागेवर रॅपआधी रंग मारावाच लागतो. अर्ध्या गाडीवर अशी दुरुस्ती करायची असेल, तर रॅपचा खर्च हा रंगाच्या खर्चावरचा जादा खर्च ठरतो. मला वाटतं, बहुतेक जुन्या ऑफ-रोड ट्रकचा निकाल इथेच लागतो.

पत्रा आणि रंग दोन्ही धड असतील तर

तेव्हा रॅपची बाजू खरोखर भक्कम आहे. मूळ रंग झाकलेला आणि जपलेला राहतो. चार-पाच वर्षांनी गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येते. गाडी गॅरेजमध्ये आठवडेच्या आठवडे अडकून पडत नाही, आणि मॅट किंवा सॅटिनसारखा पोत रंगापेक्षा सहज मिळतो.

पण फिल्म कास्ट, म्हणजे ओतून बनवलेल्या प्रकारचीच घ्या. ती गोंदासकट साधारण ८० ते १०० मायक्रॉनची असते, गोलाईवर बसते आणि बसल्यावर आकसत नाही. कॅलेंडर केलेली फिल्म स्वस्त पडते, पण ती लाटून ताणलेली असल्याने हळूहळू आकसते आणि खाचांतून उचलली जाते. जुन्या ट्रकवर तर खाचाच खाचा: बाहेरच्या बिजागऱ्या, टपाची पन्हळ, रिव्हेट, दाबलेल्या रेषा. ताणून बसवलेली प्रत्येक जागा शेवटी ९० अंश सेल्सिअसच्या वर गरम करावी लागते, नाहीतर फिल्म पहिल्या आकाराकडे परत जाते. मूठ, आरसे, दिवे, रबरं काढून काम करणारा माणूसच निवडा. नुसतं कडेने ब्लेड फिरवणाऱ्याच्या हाती गाडी दिलीत तर ब्लेडचे काप मूळ रंगावर कायमचे राहतात. फिल्म पातळ असल्यामुळे पोचे आणि टवक्यांच्या कडाही तिच्याखालून दिसत राहतात. पोचे झाकायचे म्हणून रॅप करणाऱ्यांची इथे निराशा होते.

दाराची आतली चौकट, इंजिनाची खोली आणि हौद्याच्या आतला भाग रॅपनंतर बहुधा जुन्याच रंगाचा राहतो. काहींना ते चालतं. मला दार उघडलं की खटकतं.

झुडपं, दगड आणि चिखल

अरुंद वाटेवर फांद्या दोन्ही बाजूंनी घासतात. क्लिअर कोटवरचे किंवा सिंगल-स्टेज रंगावरचे असे बारीक ओरखडे कंपाउंडने बरेचसे निघून जातात. फिल्मवरचा ओरखडा घासून जात नाही. ग्लॉस फिल्मवरचे अगदी हलके ओरखडे उष्णतेने थोडे निवळतात, पण फाटली तर तो सगळा भाग बदलावा लागतो. दोन वर्षं ऊन खाल्लेल्या फिल्मशेजारी नवा तुकडा वेगळा दिसतो. रंगाचा टवका मात्र ब्रशने भरून पत्रा त्याच दिवशी बंद करता येतो, आणि ट्रक खरंच रानात जात असेल तर ही सोय फार मोठी आहे.

दगडांपासून रॅप थोडंफार वाचवतो, पण ते त्याचं मुख्य काम नाही. त्यासाठी पॉलियुरेथेनची जाड पारदर्शक संरक्षक फिल्म असते, साधारण १५० ते २०० मायक्रॉनची, आणि तिचा हिशोब वेगळा. प्रेशर वॉशरने चिखल काढताना रॅपवर नोझल किमान ३० सेंटिमीटर दूर आणि पत्र्याला काटकोनात धरा. फवारा तिरका कडेत शिरला तर फिल्म उचलली जाते. टाकीच्या तोंडाशी सांडलेलं पेट्रोल लगेच पुसा.

आयुष्याचं म्हणाल तर चांगला रॅप उभ्या बाजूंवर पाच ते सात वर्षं टिकतो. टप आणि बोनेट थेट उन्हात असल्याने तिथे त्याहून कमी. फार उशिरा काढायला घेतलात तर फिल्म ठिसूळ होऊन नखाएवढ्या तुकड्यांत निघते. नीट तयारी करून मारलेला टू-के रंग (हार्डनर मिसळून मारायचा दोन घटकांचा रंग) याच्या दुप्पट तरी सहज जातो.

घरी करायचं झालं तर दारासारख्या सपाट भागावर रॅप शिकता येतो, चुकला तर तुकडा जातो इतकंच. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. एकदा त्याची ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या वाफेनेही दम्यासारखा त्रास होऊ शकतो. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि खेळती हवा नसेल तर घासकाम स्वतः करा आणि फवारणी पेंटरकडे द्या. एरवीही खर्चाचा मोठा भाग घासकामातच असतो.

माझा कल असा आहे: पट्टीच्या चाचणीत मूळ रंग टिकला, गंज नाही आणि ट्रक बहुतेक रस्त्यावरच फिरतो, तर कास्ट फिल्मचा रॅप. गंज आहे, जागोजागी पुट्टी आहे किंवा दर महिन्याला रानवाट आहे, तर सिंगल-स्टेज टू-के रंग, आणि फूटबोर्डापासून कमानींपर्यंतच्या खालच्या पट्ट्यावर हौद्याला मारतात तसं खरबरीत लायनर कोटिंग. त्यावर ओरखडे दिसत नाहीत आणि ते दगडांचा मारही सोसतं. मात्र ते काढायला महाकठीण, तेव्हा खालचा गंज संपवूनच मारा. रंगवलेल्या ट्रकवर पुढे व्हिनाइलचे पट्टे लावायचे असतील तर रंग पूर्ण मुरायला काही आठवडे द्या, नाहीतर त्यातून निघणाऱ्या वाफेने पट्ट्याखाली फुगे येतात.