जनसुनावणीला जाण्यापूर्वी: कोळसा, वायू, पाणी आणि छतावरचे ऊन

किनाऱ्यावरील गावात औष्णिक वीजप्रकल्पाची जनसुनावणी लागली की चर्चा ‘हवा की नको’ एवढ्यावरच अडते. खरे तर कोळसा नको असेल तर त्याच्या जागी काय, आणि ते कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी वीज देईल, हे आधी पाहिले पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यात ही तुलना सोपी आहे, कारण कोळसा, वायू आणि पाणी हे तिन्ही नमुने येथेच उभे आहेत.

जयगडचा कोळशाचा प्रकल्प १,२०० मेगावॅटचा, म्हणजे ३०० मेगावॅटचे चार संच. दाभोळचा वायुप्रकल्प १,९६७ मेगावॅटचा, तर कोयनेची एकूण जलविद्युत क्षमता १,९६० मेगावॅट. कागदावर दाभोळ सर्वांत मोठा ठरतो. मात्र २०१३ च्या सुमारास देशी वायूचा पुरवठा आटला आणि प्रकल्प ठप्प झाला, कारण आयात वायूपासून तयार होणारी वीज घेणे वितरण कंपन्यांना परवडत नव्हते. वायूचा संच कोळशाच्या संचापेक्षा लवकर सुरू होतो आणि राख मागे ठेवत नाही, परंतु इंधन महाग असेल तर या गुणांचा उपयोग तो काय?

कोयनेची गोष्ट निराळी. तिचे संच काही मिनिटांत सुरू होतात, म्हणून संध्याकाळची वाढती मागणी भागवायला तिच्यासारखी सोय नाही. मात्र वीज तयार करून वाशिष्ठी नदीत सोडायच्या पाण्याला कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे, त्यामुळे ते पाणी वर्षभर बेताने वापरावे लागते.

कोळशाचे बलस्थान नेमके येथे आहे: बंदरात जहाज लागत राहिले की जुलैच्या काळोख्या आठवड्यातही संच दिवसरात्र चालतो. त्याची किंमतही तेवढ्याच स्पष्टपणे मांडायला हवी. आयात कोळसा धरला तरी एका युनिटमागे सुमारे अर्धा किलो जळतो, म्हणजे १,२०० मेगावॅट पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालवायला रोज साधारण चौदा हजार टन. शिवाय थंड पडलेला संच पुन्हा सुरू करायला कित्येक तास जातात, त्यामुळे मागणी उतरली तरी तो सहसा बंद न करता कमी भारावर चालू ठेवतात.

राखेचा आणि धुराचा प्रश्न आंबा-काजूच्या बागायतदाराला सर्वांत जवळचा. यासाठी डहाणूकडे पाहावे: तो तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला, तरीही तेथे ५०० मेगावॅटचा कोळशाचा प्रकल्प उभा राहिला आणि धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसायला २००७ उजाडले. अशी यंत्रणा प्रकल्पाबरोबरच बसणार की मागाहून, हा प्रश्न माझ्या मते मेगावॅटपेक्षा महत्त्वाचा आहे.

छतावरच्या सौर पॅनेलचे गणित घरापुरते चांगले बसते. एक किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतो आणि तीन किलोवॅटला केंद्राचे ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पण जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत आणि रात्रीचा बर्फाचा कारखाना त्यावर चालत नाही.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करावा. तवसाळच्या जेटीवर पावसाळ्यात उभे राहिले की खाडीपलीकडे जयगड प्रकल्पाच्या चिमणीचे लाल दिवे लुकलुकताना दिसतात, आणि त्याच वेळी पाठीमागच्या वाडीत फणसाची फांदी तारेवर पडून लाइट गेलेली असू शकते. प्रकल्पाची वीज उच्चदाब वाहिनीने राज्याच्या जाळ्यात जाते. आपला फीडर (गावाला वीज आणणारी वाहिनी) आणि डीपी (रोहित्र) ही वेगळी बाब आहे. २०२० च्या निसर्ग वादळानंतर अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली, ती वीज कमी पडली म्हणून नव्हे, तर खांब कोसळले म्हणून. तेव्हा ‘प्रकल्प आला की भारनियमन संपेल’ या आश्वासनाला निर्णयात फारसे वजन देऊ नये. भूमिगत वाहिन्यांची मागणी स्वतंत्रपणे करावी.

केंद्राच्या २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करावा लागतो. तो मिळताच कोळशाचा साठा उघड्यावर की झाकलेला, राख कुठे जाणार, आणि मोहोराच्या दिवसांत वारा चिमणीकडून कोणत्या वाडीकडे वाहतो, ही तीन उत्तरे त्यात आधी शोधावीत.